वावाला एक वाटी

त्याला उंट म्हणायचे, आणि तेही तोंडावर, त्यात चोरूनबिरून काही नव्हतं. दारातून आत शिरताना तो कमरेत मोडायचा, खाटेवर झोपला की पाय बाहेर लोंबायचे, आणि हात तर असे की न वाकता गुडघा खाजवावा. त्याची बायको त्याच्या कोपराला लागायची, तरी तिला उंटीण म्हणायचे, बिचारीचा काय दोष! आणि त्याची थोरली बहीण, ताई, ती तर बायकोहूनही ठेंगणी. विहिरीच्या वाटेवर शिंप्याचं दुकान होतं, तो शिंपी म्हणायचा, "एकाच ताग्यातलं कापड, पण एकाची झाली विजार नि दुसरीची टोपी!" ताई लगेच म्हणायची, "टोपी डोक्यावर बसते रे. विजार कुठं बसते ते तूच बघ."

तर ही ताई विहिरीत पाणी साफ करायची पावडर टाकायची, वर्षानुवर्षं. सगळी वस्ती एकाच विहिरीवर प्यायची, आणि विहीरही धड गोल नाही, एका अंगाला फुगलेली, आत कपार, तिच्यात पाणी किती मावतं ते सांगायला कुणी तयार नव्हतं. मागं कधीतरी एक साहेब आला होता. त्यानं दिवसभर पोहरे उपसायला लावले, काहीबाही गुणाकार केले आणि ताईला साधी रीत शिकवून गेला. दोराला दगड बांधायचा, तळाला टेकवायचा, वर ओढायचा. दोर भिजलेला असेल तेवढं पाणी खोल. तो भिजलेला दोर वावानं मोजायचा, म्हणजे दोन्ही हात ताणून पसरायचे, या हाताच्या बोटांपासून त्या हाताच्या बोटांपर्यंत एक वाव. आणि एका वावाला एक वाटी पावडर. वाटी जर्मनची, एका बाजूला पोचा आलेली. वावाला एक वाटी. झालं. लिहायचं नाही की वाचायचं नाही.

थंडी सरता सरता ताई विहिरीच्या शेवाळावरून घसरली आणि खुब्यातनं गेली. तेव्हापासून ती खाटेवर, आणि दोर, वाटी, पोतं उंटाकडे. वस्तीच्या मुकादमानं काम त्याच्या नावावर केलं आणि ताईनं खाटेवरून अक्कल द्यायला सुरुवात केली.

"किती वाव?" तो घरी आला की हा पहिला प्रश्न. चहाबिहा नंतर.

"चार."

"चारच? मागच्या उन्हाळ्यात सहाच्या खाली उतरलं नव्हतं."

"आटलंय ताई. ऊन बघतेस ना बाहेर?"

"ऊन दिसतंय मला, खुबा मोडलाय, डोळे नाही. पायऱ्या किती उघड्या पडल्यात ते सांग."

"मी आता पायऱ्या मोजत बसू? वाव मोज म्हणालीस, वाव मोजले."

"नीट मोजलेस?"

"ताई!" तो असा करवादला की बायको चुलीपाशी हसली. त्याचा सदरा छातीवर आडवा भिजलेला असायचा, ओला दोर ताणून ताणून पट्टाच उमटायचा एक. कामात तो खरंच चोख होता हो, तिथं बोट ठेवायला जागा नव्हती. पहाटे जायचा, तोंडाला फडकं बांधायचा, बादलीत पावडर घ्यायचा, थोडं थोडं पाणी घालून गुठळ्या मोडत कालवायचा, मग बादली भरून ढवळायचा, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ दुसऱ्या बादलीत ओतून विहिरीत सोडायचा. सोडायचा म्हणजे नुसतं ओतायचं नाही, बादली पाण्यात बुडवून वर-खाली, वर-खाली, चारी बाजूंनी. बोटांना भेगा पडल्या होत्या, सदऱ्यावर पांढरे डाग, डोळे कायम लाल. शिंपी म्हणायचा, "पिऊन आलास?" तो म्हणायचा, "हो, तुझ्याच विहिरीचं."

मग शिंप्याच्याच घरात सुरू झालं.

शिंप्याची आई आधी. सकाळी दोनदा बसून आली, दुपारी तिला बसायलाही जाता येईना, संध्याकाळी डोळे खोल गेले आणि कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायला लागली. मग मागच्या आळीत दोघं, मग सुताराचा जावई, चांगला दांडगा गडी, भिंत धरून धरून परसाकडे जाताना दिसायला लागला. मग तर वस्तीत ज्याच्या त्याच्या हातात टमरेल आणि वाटेनं चालायची सोय नाही. वास. माश्या. धुतलेली अंथरुणं कुंपणावर, धुऊन वाळायच्या आत पुन्हा धुवायची वेळ.

सिस्टर आली, सायकलवरून, पिशवीत मीठ-साखरेच्या पुड्या आणि एक छोटी बाटली घेऊन. तरुण मुलगी, चार वस्त्या तिच्या एकटीच्या गळ्यात, झोप नसलेली. तिनं शिंप्याच्या घरातलं पिण्याचं पाणी काचेच्या नळीत घेतलं, बाटलीतले थेंब टाकले आणि उजेडात धरलं. सगळे बघताहेत. नळी पांढरीच.

"पिवळं व्हायला हवं होतं," ती म्हणाली. "पावडर पडतेय ना रोज?"

"रोज पडते," उंट म्हणाला.

"मग उरत कशी नाही?"

"उरायला कशाला पाहिजे? पडते म्हटलं ना."

"अहो, पाण्यातली घाण आधी पावडर खाते. तिचं पोट भरून वर काही उरलं तर ते तुमच्या आमच्या कामाचं. जरा जरी कमी पडली ना, तर सगळीच घाणीच्या पोटात जाते. टाकली काय, न टाकली काय."

तिला काही वाईट म्हणायचं नव्हतं. पण शेवटचं वाक्य तेवढं सगळ्यांनी ऐकलं. टाकली काय, न टाकली काय. संध्याकाळपर्यंत त्याचं 'टाकतच नाही' झालं.

शिंप्याची आई दुसऱ्या दिवशी गेली. तिला पोचवून माणसं परतली ती घरी न जाता थेट विहिरीवर. विहिरीशेजारी पत्र्याची खोली, तिच्यात पावडरीचं पोतं. मुकादमानं कुलूप काढायला लावलं आणि पोत्याचं तोंड उघडलं. सगळे शिंकले. मग मुकादमानं आत हात घातला, कोपरापर्यंत, आणि तो हात पांढराफेक करून बाहेर काढला.

"ताईच्या वेळी या दिवसांत पोतं झटकायची वेळ यायची. तळ दिसायचा तळ! आणि हे बघा. तिसरा हिस्सा शिल्लक! उंटा, पोतं व्यालं का रे?"

कुणी हसलं नाही.

"मी रोज टाकतो, मुकादम. मोजून टाकतो."

"मग हे काय आहे?"

"मला नाही माहीत."

"अरे, चोराच्या पोत्यात माल कमी होतो. तुझ्या पोत्यात उरलाय. म्हणजे चोर नाहीस, आळशी आहेस. पहाटे जातोस, बादली खडखडवतोस नि येतोस, असंच ना?"

उंटानं आपल्या भेगाळलेल्या हातांकडे बघितलं, ते पुढं करून दाखवावेत असं त्याला वाटलं, पण शिंपी समोर उभा होता, आईला पोचवून आलेला, अंगावर अजून ओले कपडे, आणि त्याच्यापुढं हात कसले दाखवायचे? त्यानं हात काखेत घातले.

"टाक," शिंपी म्हणाला. आवाज अगदी हळू. "आमच्या डोळ्यांदेखत टाक."

"सकाळी टाकलीय."

"टाक!" मागून दोघं-तिघं ओरडले. "टाक की! हात का चोरतोस?"

मग त्याचं डोकं फिरलं. वाटी कुठली, दोर कुठला, घमेलंच उचललं त्यानं, पोत्यात खुपसलं, भरलं, गेला आणि धडाधड ओतलं विहिरीत, तसंच कोरडं, आणि परत आला, पुन्हा भरलं, पुन्हा ओतलं. पांढरा धूर उठला, माणसं तोंडं दाबून मागं सरली. पण थांब म्हणून कुणी म्हणालं नाही. मुकादमही नाही.

आणि मग व्हायचं तेच झालं. ते पाणी कुणाच्यानं पिववेना. घोट घेतला की घसा चरचरायचा, डोळ्यांतून पाणी, पोरांनी तर भांडी फेकून दिली. बायका कळशा घेऊन निघाल्या ओढ्याकडे. ओढा कोरडा ठणठणीत, पण वाळूत एक झिरा होता, डबकंच ते, वरच्या अंगाला गुरं बसायची, सगळी वस्ती टमरेलं घेऊन त्याच बाजूला जायची. पण दिसायला पाणी नितळ आणि चवीला गोड. गोड!

उंट पळत पळत ओढ्याच्या वाटेवर गेला आणि आडवा उभा राहिला. वाट अरुंद, दोन्हीकडे काटेरी झुडपं. त्यानं दोन्ही हात पसरले, त्या काट्यापासून या काट्यापर्यंत.

"तिकडं नका जाऊ. मी पाया पडतो तुमच्या. एक दिवस उकळून प्या, विहिरीचा वास उतरेल, पण झिऱ्याचं नका नेऊ."

"उकळायला जळण तू देणार?" एकजण म्हणाली.

शिंपीण सगळ्यात पुढं होती. डोळे सुजलेले, काखेत कळशी. तिनं त्याच्याकडे मान वर करून बघितलं.

"बाजूला व्हा भावजी. तुमच्या पाण्यानं सासू गेली. आता घसे जाळून पोरं मारू?"

आणि ती वाकलीसुद्धा नाही हो. नुसती मान जरा खाली घातली आणि त्याच्या पसरलेल्या हाताखालून निघून गेली. तिच्यामागून दुसरी, तिच्यामागून तिसरी. तो तसाच हात पसरून उभा, आणि बायका त्याच्या हाताखालून जाताहेत, जसं काही वाटेवर झाडाची फांदी आलीय.

घरी ताई पडली होती.

पडलेली तर ती होतीच, पण आता तिलाही हगवण लागली होती. तिनं झिऱ्याचं पाणी घेतलं नव्हतं, कधी घेणारही नव्हती, पण त्याआधी रोज सकाळी वाटेवरच्या माणसांना ऐकू जाईल असं ती म्हणायची, "आण गं ते पाणी, माझ्या भावानं पावडर टाकलेलं!" आणि घटाघटा प्यायची. मुद्दाम. उंटाची बायको ताईला कुशीवर करायची, खालचं फडकं ओढायची, पुसायची, दुसरं घालायची, तोवर ते भरायचं. मोडक्या खुब्यावर कूस बदलणं म्हणजे काय असतं! ताई दात खायची, कण्हायची, आणि मग म्हणायची, "वहिनी, तुझ्या हाताला जस आहे गं. मरताना तुलाच बोलावणार."

"वन्सं, गप्प बसा. चमचाभर घ्या."

सिस्टर येऊन गेली. तिनं दोन्ही हातांत सुई घालून बघितली, शीर सापडेना, पायात बघितली, तिथंही नाही. "चमच्याचमच्यानं पाजत राहा," म्हणाली आणि दारात जाऊन उभी राहिली, पाठमोरी. मग डोळे पुसून दुसऱ्या घरी गेली.

मुकादमाचा निरोप आला होता. दोर, वाटी आणि किल्ली परत करायची. काम दुसऱ्याला.

उंट कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला होता, गुडघे हनुवटीशी. त्याच्यानं उठवेना. बायको म्हणाली, "बसा. मीच देऊन येते." दोर दारात तसाच फेकलेला, गुंता झालेला, शेवटच्या मोजणीची खूण म्हणून लाल चिंधी बांधलेली. हे तो नेहमी करायचा, दोर जिथवर भिजलेला असेल तिथं चिंधी बांधायचा, म्हणजे सुकला तरी माप हलायचं नाही. परत द्यायचा तर नीट गुंडाळून द्यावा म्हणून तिनं दगडाकडचं टोक धरलं आणि हात पसरून पसरून दोराच्या घड्या घालायला लागली. बायकांची सवय असते ना, काम करताना तोंडानं मोजायची. एक. दोन. तीन. चार. पाच. आणि चिंधी आली तेव्हा सहाव्याचा अर्धा झाला होता.

"अहो," ती म्हणाली, "शेवटचे किती होते?"

"चार."

"साडेपाच आहेत."

"चार आहेत."

"मी आत्ता मोजले."

"तुला मोजता येत नाही." त्यानं मानसुद्धा वर केली नाही.

"सातवीपर्यंत शिकलेय मी. तुमच्यासारखी चौथीतनं पळाले नाही. उठा. मोजा."

"सोड गं."

"उठा म्हणते ना!"

तिचा आवाज असा काही चढला की तो उठला. त्यानं दोर घेतला, हात पसरले, या भिंतीपासून जवळजवळ त्या भिंतीपर्यंत. एक. दोन. तीन. चार, आणि चिंधी बरोबर बोटाखाली.

"बघ. चार."

ती बघत होती. दोराकडे नाही, त्याच्या हातांकडे. इकडून तिकडे. त्यालाही कळायला लागलं होतं, पण तो कळून घ्यायला तयार नव्हता. त्यानं हात खाली घेतले आणि पाठीमागं लपवले, लहान पोरानं लपवावेत तसे.

"वन्सं," ती खाटेकडे वळली, "तुमचे हात..."

ताईनं डोळे उघडले होते. "दोर द्या इकडे," ती म्हणाली.

तिला हात उचलवेनात. मग दोघांनी तिला चादरीसकट उचलून जमिनीवर ठेवलं. वजन कसलं, नुसती हाडं. एका बाजूला भाऊ बसला, एका बाजूला भावजय. त्यानं तिचा उजवा हात धरून हळूच बाहेर ओढला, बायकोनं डावा. हात थंडगार, बोटांच्या टोकांना सुरकुत्या, जसं काही दिवसभर पाण्यात होती. तिच्या छातीवरून दोर टाकला.

"माप घेतोस?" ताई पुटपुटली. "खड्डा लांब नको खणू. उगीच मजुरी वाया."

"ताई, गप्प ना गं."

एक. त्यानं चिमटीत धरून दोर सरकवला. दोन. बायको तिकडून बोट दाबून धरायची. तीन. चार. इथं संपायला हवा होता. दोर अजून पुष्कळ बाकी. पाच. ताईची बोटं आपसूक मिटायची, ती उलगडावी लागायची. सहा. आणि चिंधी.

"सहा," बायको म्हणाली.

"मग?" ताई म्हणाली. "मी म्हटलं नव्हतं, सहाच्या खाली उतरत नाही?"

बायकोनं चुलीतला कोळसा घेतला आणि जमिनीवर रेघा ओढायला लागली. तिला रडू येत होतं आणि ती रेघा ओढत होती. "साहेबानं वाटी बसवली ती वन्संच्या वावावर. त्यांच्या सहा वावांना सहा वाट्या. तुमच्या दोन वावांत त्यांचे तीन बसतात. म्हणजे पाणी तेवढंच, आणि तुम्ही टाकल्यात चार. सहातल्या दोन राहिल्या. तिनातली एक. रोज तिनातली एक." तिनं कोळसा टाकला. "म्हणून पोत्यात तिसरा हिस्सा उरलाय. बरोबर तिसरा."

उंट रेघांकडे बघत राहिला. तो चोर नव्हता. आळशी नव्हता. रोज पहाटे उठून, डोळे जाळून, मोजून मापून त्यानं वस्तीला कमी पावडरीचं पाणी पाजलं होतं. नुसता लांब होता म्हणून.

"मी वाव म्हणाले," ताई म्हणाली. "माझा म्हणायचं राहिलं रे."

"तू पायऱ्या मोज म्हणालीस." त्याचा आवाज फुटला. "मी ऐकलं नाही. एवढंसं तर काम होतं."

"आता बसून रडतोस? दोर काप."

"काय?"

"माझ्या हाताएवढा काप. नंतर कुठं शोधत बसशील मला?"

त्यानं विळ्यानं दोर कापला. तिच्या या बोटापासून त्या बोटापर्यंत.

तो मुकादमाकडे गेला तेव्हा तिथं सिस्टर होती, बाकावर बसून उभ्याउभ्या खाल्ल्यासारखं घाईनं काहीतरी खात होती. उंटानं दोन्ही दोर टेबलावर ठेवले, निघताना कापून घेतलेला आपल्या वावाचा आणि ताईच्या वावाचा, शेजारी शेजारी. बोलायची गरजच पडली नाही. मुकादम एकदा या दोराकडे बघे, एकदा त्या. मग स्वतःच उठला, स्वतःचे हात पसरून बघितले, आणि खाली बसला.

"म्हणजे तू रोज टाकत होतास."

"रोज टाकत होतो. रोज कमी टाकत होतो."

"मी म्हटलं तुला आळशी."

"ते राहू द्या, मुकादम. आता काय करायचं ते सांगा."

सिस्टरनं हात पुसले, तिनं आपल्या कागदावर लिटरचे आकडे मांडले, पोहऱ्यांचा जुना हिशेब मुकादमाच्या कपाटातून काढून घेतला, दोनदा गुणलं आणि मान हलवली. "ताईंचंच माप बरोबर बसतं. पण आत्ता विहिरीत जे ओतलंय ते उतरू द्यावं लागेल. आणि मग मोजून."

"उतरायची वाट नाही बघत," उंट म्हणाला. "उपसतो."

दिवसभर त्यानं पोहरे ओढले. रहाटावरून नुसते हात चालू, एकानं ओढायचं तर दुसऱ्यानं धरायचं, आणि ओतायचं लांब, चरातून बाहेर. ऊन डोक्यावर. तळव्यांची साल निघाली तेव्हा त्यानं फडकं गुंडाळलं, फडकं लाल झालं तेव्हा दुसरं. सुतार येऊन बघून गेला. थोड्या वेळानं परत आला आणि दुसरा दोर धरला. बाकी कुणी आलं नाही. समोरच्या वाटेनं बायका झिऱ्याकडे जात होत्या, येत होत्या.

रात्रीतून विहिरीला झऱ्यांचं नवं पाणी सुटलं. पहाटे वास गेला होता. त्यानं दगड सोडला, टेकवला, ओढला, आणि दोर जमिनीवर पसरून ताईच्या तुकड्यानं मोजला. हात पसरलेच नाहीत. पाच वाव आणि वर अर्धा. पाच वाट्या. आणि सहावी अर्धी, बोटानं काठ पुसून बरोबर अर्धी. कालवली, ढवळली, निवळू दिली, ओतली, बादली विहिरीत सोडली आणि वर-खाली, वर-खाली.

बायको वाटेवर दिसली.

ती चालत येत होती, घाई न करता. तेवढ्यावरूनच त्याला कळलं. ती कठड्यापाशी येऊन उभी राहिली, त्यानं तिच्याकडे बघितलं, तिनं मान हलवली. चारी बाजू ढवळायच्या असतात आणि त्याच्या दोनच झाल्या होत्या. त्यानं बादली सोडली नाही. तिसऱ्या बाजूला गेला, वर-खाली, वर-खाली. मग चौथ्या. बायको उभी होती तोवर. मग त्यानं बादली वर घेतली, पालथी घातली, आणि कठड्यावर बसून तोंडावरचं फडकं सोडलंच नाही बराच वेळ.

तिला पोचवून आले. खड्डा लांब नव्हता.

सिस्टर म्हणाली, पाणी बरोबर आहे. तिनं नळी धरली होती उजेडात, फिकट पिवळी, अगदी हवी तेवढी. ती घरोघर सांगत फिरली, मुकादमही फिरला, दोराचे दोन तुकडे हातात घेऊन. लोक ऐकायचे, हो हो म्हणायचे आणि कळशी घेऊन झिऱ्याकडेच जायचे. उंट रोज पहाटे मोजायचा, टाकायचा आणि दिवसभर कठड्यापाशी उभा राहायचा, हात काखेत. कुणाला आडवा नाही गेला पुन्हा. नुसता उभा. रहाट कोरडा पडला होता. विहीर भरलेली, पाणी चांगलं, आणि प्यायला कुणी नाही, याहून वाईट काय असतं सांगा!

मग एका सकाळी शिंपीण आली. घरी तिचा धाकटा झिऱ्याच्या पाण्यानं लोळत होता. तिनं पोहरा सोडला, भरला, ओढला, ओंजळीत पाणी घेऊन वास घेतला. जिभेला लावलं. थांबली.

"मोजलंत?"

"मोजलं, वहिनी."

"कुणाच्या हातानं?"

त्यानं खिशातून दोराचा तुकडा काढून दाखवला. ताईचा. टोकं उसवू नयेत म्हणून बायकोनं दोन्हीकडे गाठी मारलेल्या. शिंपिणीनं तो हातात घेतला, स्वतःच्या छातीवर धरून ताणला. तिला जरा तोकडाच पडला. तिनं तो परत दिला.

मग कळशी भरली. काठोकाठ. खाली वाकली, उचलायला गेली, आणि उपासानं असेल, जागरणानं असेल, तिला काही ती गुडघ्याच्या वर उचलवेना. दोनदा प्रयत्न केला. पाणी हिंदकळलं. उंट तिथंच उभा, हात काखेत, पुढं यावं की नको त्याला कळेना.

शिंपिणीनं मान वर केली.

"बघता काय भावजी? द्या की उचलून डोक्यावर. एवढे लांब हात मग कशाला आहेत?"

त्यानं काखेतून हात काढले.